मिठाला जागणारा न्यायाधीश



न्यायाधीश कोणी निवडावा, हा प्रश्न आपल्यापैकी फार थोड्यांनी स्वतःला विचारला असेल. आपल्याला कोर्ट माहीत आहे ते समन्स, तारीख, वकिलाची फी आणि उंच खुर्चीवर बसलेले साहेब एवढ्यापुरते. ते साहेब त्या खुर्चीवर कसे आले, त्यांना कोणी बसविले, ही चौकशी करण्याची आपल्या वाडवडिलांची प्राज्ञा नव्हती. त्यांचा न्याय पाटलाच्या वाड्यावर नाही तर चावडीवर होत असे, आणि तेथे ते लांब उभे राहून निकाल ऐकत. आता आपण शिकलो, मताचा अधिकार मिळाला, राज्यघटना हाती आली. तेव्हा खुर्चीवरील माणूस कोणाच्या उपकाराने बसला आहे, हे विचारणे आपले कामच आहे. त्यासाठी मी तुमच्यापुढे एका दूरच्या देशाची हकीकत ठेवतो.

अमेरिकेत केंद्राचे न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष नेमतात आणि सिनेट त्यास संमती देते. ते तहहयात पदावर राहतात. परंतु सामान्य माणसाचे बहुतेक खटले चालतात ते राज्यांच्या न्यायालयांत, आणि तेथील रीत निराळी आहे. ५० पैकी सुमारे ३८ राज्यांत राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाचा न्यायमूर्ती कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर मतदारांपुढे जातो. कोठे तो पक्षाच्या चिन्हावर उभा राहतो, कोठे पक्षाविना. कोठे आधी नेमणूक होते आणि नंतर ‘हा राहावा की जावा’ एवढेच मत घेतले जाते.

मते मागायची म्हणजे प्रचार आला, प्रचार म्हणजे जाहिराती, जाहिराती म्हणजे पैसा. आता तुम्हीच सांगा, न्यायाधीशाच्या निवडणुकीला पैसा कोण देईल? ज्याचे आयुष्यात कोर्टाशी काम पडणार नाही, तो कशाला देईल? देतात ते वकील, कारखानदार, विमा कंपन्या, कामगार संघटना, म्हणजे ज्यांचे खटले त्याच न्यायाधीशापुढे यायचे आहेत तेच.

वेस्ट व्हर्जिनिया हे डोंगराळ, कोळशाच्या खाणींचे राज्य. तेथे ह्यू कॅपर्टन नावाच्या गृहस्थाची हार्मन ही लहानशी कोळसा कंपनी होती. मॅसी या बलाढ्य कोळसा कंपनीने फसवणूक करून आपला धंदा बुडविला, असा त्याने दावा लावला. ऑगस्ट २००२ मध्ये ज्यूरीने त्याच्या बाजूने निकाल देऊन ५ कोटी डॉलरची भरपाई ठरविली. मॅसी कंपनी वरच्या न्यायालयात जाणार हे उघड होते. राज्याच्या त्या सर्वोच्च न्यायालयात पाच न्यायमूर्ती बसतात आणि त्यांपैकी एका जागेची निवडणूक २००४ च्या नोव्हेंबरात होती.

मॅसीचे प्रमुख डॉन ब्लँकनशिप यांनी काय करावे? त्यांनी लाच दिली नाही. रात्री कोणाच्या घरी पेटी पोहोचविली नाही. जे केले ते सारे कायद्यात बसणारे होते. जुने न्यायमूर्ती वॉरेन मॅकग्रॉ यांच्याविरुद्ध ब्रेंट बेंजामिन नावाचे वकील उभे होते. ब्लँकनशिप यांनी बेंजामिन यांच्या समितीला कायद्याने घातलेल्या मर्यादेप्रमाणे फक्त १,००० डॉलर दिले. मात्र मॅकग्रॉ यांच्या विरोधात प्रचार करणाऱ्या एका संस्थेला सुमारे २५ लाख डॉलर दिले आणि वर ५ लाखांहून अधिक स्वतः जाहिराती व पत्रे यांवर खर्च केले. एकूण ३० लाख डॉलर. बेंजामिन यांच्या इतर सर्व पाठीराख्यांनी मिळून जेवढा खर्च केला, त्याहून हा एकट्याचा खर्च जास्त होता.

त्या संस्थेचे नावही ऐकण्यासारखे आहे. ‘आणि मुलांच्या भल्यासाठी’ अशा अर्थाचे ते नाव होते. तिच्या जाहिरातींत कोळशाचा शब्द नव्हता, कॅपर्टनच्या दाव्याचा नव्हता, ५ कोटींचा नव्हता. मॅकग्रॉ यांनी मुलांवर अत्याचार करणाऱ्या एका गुन्हेगाराला मोकळे सोडण्याच्या बाजूने मत दिले, एवढेच त्या जाहिराती सांगत होत्या. आईबापांनी ते ऐकले आणि मत दिले. मत दिले मुलांच्या काळजीने, फळ गेले कोळशाच्या कंपनीला. मतदार अडाणी होता असे मी म्हणणार नाही. त्याच्यापुढे खरा प्रश्न ठेवलाच गेला नव्हता.

बेंजामिन ५३.३ टक्के मते मिळवून निवडून आले. मॅसीचे अपील न्यायालयापुढे आले तेव्हा कॅपर्टनने अर्ज केला की, बेंजामिन यांनी या खटल्यातून बाजूला व्हावे. अर्जाचा निर्णय कोणी करायचा? स्वतः बेंजामिन यांनीच. माझ्या मनात पक्षपात नाही, असे सांगून त्यांनी तो फेटाळला. नोव्हेंबर २००७ मध्ये ३ विरुद्ध २ मतांनी ५ कोटींचा निकाल रद्द झाला आणि त्या तीनांत बेंजामिन होते. पुढे त्याच न्यायालयातील आणखी एका न्यायमूर्तीची ब्लँकनशिप यांच्याबरोबर युरोपात समुद्रकिनारी काढलेली छायाचित्रे बाहेर आली. ते फेरसुनावणीतून बाजूला झाले. ब्लँकनशिप यांच्यावर उघड टीका केलेले दुसरे एक न्यायमूर्तीही बाजूला झाले आणि बेंजामिन यांनीही तसेच करावे असे त्यांनी सुचविले. बेंजामिन बसून राहिले. पुन्हा ३ विरुद्ध २.

आता विचार करू या. बेंजामिन हे अप्रामाणिक गृहस्थ होते काय? तसा पुरावा नाही. काही प्रकरणांत त्यांनी मॅसीच्या विरुद्धही मत दिले होते आणि ते तसे सांगतही असत. मला तर वाटते, आपल्या निःपक्षपातीपणावर त्यांचा स्वतःचा मनापासून विश्वास असावा. आणि म्हणूनच हा प्रश्न लाचलुचपतीच्या प्रश्नाहून खोल आहे. लाच घेणाऱ्याला आपण लाच घेतली हे ठाऊक असते. उपकाराखाली दबलेल्याला आपण दबलो आहोत हे ठाऊक असेलच असे नाही.

आपल्या भाषेत ‘खाल्ल्या मिठाला जागणे’ हा मोठा गुण मानला आहे. ज्याने अडीअडचणीला हात दिला त्याला विसरू नये, असेच आपल्या आईबापांनी शिकविले आणि ते खरेच आहे. परंतु हाच गुण न्यायाच्या खुर्चीवर बसला की दोष होतो. तेथे मिठाला जागला तर प्रतिपक्षाचा घात होतो. उलट ‘मी जागत नाही’ हे दाखविण्यासाठी मीठ देणाऱ्याच्या विरुद्ध मुद्दाम निकाल दिला तर त्याचाही घात होतो. म्हणजे एकदा मीठ खाल्ले की सरळ चालण्याची वाटच उरत नाही. म्हणून ते खाऊ नये, आणि खाल्ले असेल तर त्या पंगतीतून उठून जावे. एवढे साधे आहे ते.

सिगालोवाद सुत्तात माणूस ज्या चार कारणांनी वाकड्या वाटेला लागतो ती कारणे सांगितली आहेत: छंद म्हणजे आसक्ती किंवा मर्जी, द्वेष, मोह आणि भय. आपण विहारात ही नावे पाठ म्हणतो, पण त्यांतील मोहाकडे आपले लक्ष कमी जाते. पैशाची हाव म्हणजे मोह असे आपण समजतो. येथे मोह म्हणजे स्वतःविषयीचे अज्ञान. ‘माझ्या मनात काही नाही’ असे ठामपणे सांगणारा माणूस त्या क्षणी कदाचित या तिसऱ्या कारणाच्या तावडीत असतो.

मी शाळामास्तर आहे, म्हणून मला माझ्याच धंद्यातील उदाहरण सुचते. समजा, एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी माझ्या घरावर पत्रे घालून दिले आणि मार्चमध्ये त्याच मुलाचा पेपर माझ्यापुढे तपासायला आला. मी प्रामाणिकपणे तपासीन अशी शपथ घेईन, आणि ती खरीही ठरेल. पण ज्या मुलाच्या आईने दुसऱ्याच्या शेतात खुरपणी करून त्याची फी भरली, त्याला मी एका मार्काने नापास केले तर त्याने माझ्या शपथेवर का म्हणून विश्वास ठेवावा? त्याला माझे मन दिसत नाही, पत्रे दिसतात.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ८ जून २००९ रोजी ५ विरुद्ध ४ मतांनी जवळजवळ हेच म्हटले. न्यायमूर्ती केनेडी यांनी लिहिलेल्या निकालाचा आशय असा की, बेंजामिन यांच्या मनात खरोखर पक्षपात होता की नाही हे शोधण्याची गरज नाही. त्या जागी कोणताही सामान्य माणूस असता तर समतोल ढळण्याचा गंभीर धोका होता काय, एवढेच पाहावयाचे. कोणीही स्वतःच्या दाव्यात न्यायाधीश होऊ नये हे तत्त्व जुने आहे. स्वतःच्या दाव्याचा न्यायाधीश स्वतः निवडणे ही त्याच तत्त्वाची पायमल्ली होय.

विरुद्ध मत देणारे सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी तब्बल ४० प्रश्न विचारले. किती पैसा म्हणजे फार? उपकाराचे ओझे किती वर्षे टिकते? दात्याचा स्वतःचा खटला नसून त्याच्या धंद्याचा असेल तर काय? प्रश्न पोकळ नाहीत. पण त्यांतून निघणारा निष्कर्ष मला पटत नाही. रेघ कोठे ओढावी हे ठरविणे कठीण आहे म्हणून रेघच नको, हा कोणता न्याय? आम्ही ३५ मार्कांना पास करतो आणि ३४ ला नापास. ३४ आणि ३५ यांत ज्ञानाचा मोठा डोंगर नाही हे आम्हालाही कळते. तरी रेघ ओढतोच.

या कथेचा पुढचा भाग मात्र अवघड आहे आणि तो लपविला तर मी तुमच्याशी प्रामाणिक राहणार नाही. खटला वेस्ट व्हर्जिनियात परत गेला. बेंजामिन बाजूला झाले. आणि नोव्हेंबर २००९ मध्ये त्यांच्यावाचूनही ४ विरुद्ध १ मतांनी कॅपर्टन पुन्हा हरला. कोणी म्हणेल, मग एवढा खटाटोप कशासाठी? निकाल तोच लागला ना? मी म्हणतो, निकाल तोच असेल, न्याय तोच नव्हे. पहिल्या वेळी हरणाऱ्याला आपण का हरलो हे कधीच कळले नसते. हरणाऱ्याला निदान एवढी खात्री हवी की त्याला कायद्याने हरविले. चावडीबाहेर उभे राहून निकाल ऐकलेल्यांच्या नातवंडांना हे समजावून सांगण्याची गरज नसावी.

पैसा हे एक झाले. दुसरे आहे भय. आयोवा राज्यात एप्रिल २००९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या सातही न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला की, दोन पुरुषांना किंवा दोन स्त्रियांना विवाहाची बंदी करणे राज्यघटनेच्या समतेच्या कलमाविरुद्ध आहे. नोव्हेंबर २०१० मध्ये त्यांपैकी तिघे ‘राहावे की जावे’ या मताला सामोरे गेले. त्यांना घालविण्यासाठी परराज्यांतून पैसा आला. तिघांनी पैसा गोळा केला नाही, प्रचार केला नाही, आणि तिघेही घरी गेले. १९६२ पासून चालत आलेल्या त्या पद्धतीत असे प्रथमच घडले. त्या निकालाविषयी तुमचे मत काहीही असो, पण हे ध्यानात घ्या की अल्पसंख्याकाचा हक्क सांभाळणे हे न्यायालयाचे काम आहे, आणि ते केल्याबद्दल बहुसंख्याकाच्या मताने नोकरी जात असेल तर पुढचा न्यायाधीश काय शिकेल? गावात महारवाड्याला विहीर खुली करावी की नाही, हा निकाल देणारा माणूस सगळ्या गावाच्या मतावर निवडून यायचा असता, तर तो निकाल काय लागला असता, याची कल्पना तुम्हीच करा.

अलाबामात तर गोष्ट जिवावर बेतणारी होती. तेथे न्यायाधीश पक्षाच्या तिकिटावर निवडून येतात. ज्यूरीने आरोपीला जन्मठेप सुचविली तरी न्यायाधीश ती डावलून फाशी देऊ शकत असे, आणि अनेकदा देत असे. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयातील न्यायमूर्ती सोनिया सोटोमेयर यांनी लिहिले की, याचे कारण निवडणुकीचा दबाव हेच दिसते. गुन्हेगाराबाबत मऊ आहे, अशी जाहिरात आपल्यावर होऊ नये म्हणून दुसऱ्याला फाशी! २०१७ मध्ये ही तरतूद कायद्याने रद्द झाली. तोवर कित्येकांच्या बाबतीत व्हायचे ते होऊन गेले होते.

अलीकडची हकीकत थोडक्यात सांगतो. १ एप्रिल २०२५ रोजी विस्कॉन्सिन राज्यात एका न्यायमूर्तीच्या जागेसाठी निवडणूक झाली. दोन्ही बाजूंचा मिळून खर्च सुमारे १० कोटी डॉलर झाला. जगातील अतिश्रीमंतांपैकी एक इलॉन मस्क आणि त्यांच्याशी संबंधित संस्थांनी एका उमेदवारासाठी २ कोटींहून अधिक खर्च केला. दोन मतदारांना दहा-दहा लाख डॉलरचे धनादेशही दिले. त्यांच्या मोटार कंपनीने त्या राज्याविरुद्ध त्याच वर्षी जानेवारीत दावा लावलेला होता. दुसऱ्या बाजूलाही धनिक होतेच. मस्क यांचा उमेदवार पडला आणि सुझन क्रॉफर्ड निवडून आल्या. काही लोक म्हणाले, पाहा, पैशाने जनता विकली जात नाही. मला या समाधानात सहभागी होता येत नाही. सोन्याची मोहर टाकून एक डाव हरला म्हणून जुगाराचा अड्डा देऊळ होत नाही.

मग निवडणूक टाकून द्यावी काय? येथे घाई करू नका. ही पद्धत कोणा दुष्टाने काढलेली नाही. मिसिसिपी राज्याने १८३२ साली आणि न्यू यॉर्कने १८४६ साली ती स्वीकारली, कारण त्यापूर्वी गव्हर्नर आणि विधिमंडळ आपल्या बगलबच्च्यांना न्यायाधीश करीत. लोकांनी निवडलेला न्यायाधीश सत्ताधाऱ्यांपुढे ताठ उभा राहील, अशी सुधारकांची आशा होती. पुढे शहरांतील पक्षांचे दादा लोक न्यायाधीश निवडून आणू लागले, तेव्हा १९४० साली मिसूरी राज्याने तिसरी वाट काढली. समितीने तीन नावे द्यावीत, गव्हर्नरने एक निवडावे, नंतर जनतेने होय किंवा नाही म्हणावे. आयोवाची पद्धत त्याच वळणाची आणि तिचे काय झाले ते वर सांगितलेच आहे. प्रत्येक औषधाला स्वतःचा रोग आहे, असे दिसते.

आपल्या घटना समितीपुढेही हा प्रश्न आला होता. २४ मे १९४९ रोजी त्यावर बोलताना बाबासाहेबांनी दोन्ही टोके नाकारली. सरकारच्या हाती निरंकुश अधिकार देणे धोक्याचे, आणि विधिमंडळाच्या संमतीवर नेमणूक ठेवणे हेही बरे नाही, कारण त्यात राजकीय दबाव शिरतो. म्हणून त्यांनी न्यायाधीशांशी सल्लामसलतीची मधली वाट धरली. पण त्याच भाषणात त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी आपण सहसा विसरतो. सरन्यायाधीशाच्या संमतीवाचून नेमणूक नको, अशी सूचना आली होती. त्यावर त्यांचे म्हणणे असे की, सरन्यायाधीश कितीही थोर असला तरी शेवटी माणूस आहे, माणसाचे सारे दोष आणि ग्रह त्यालाही आहेत. १९९३ पासून मात्र आपल्याकडे नेमणुकीचा मुख्य अधिकार न्यायमूर्तींच्याच हाती आला, आणि तो बदलण्यासाठी केलेली घटनादुरुस्ती सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द ठरविली. आपल्याकडे न्यायाधीशाला प्रचार करावा लागत नाही, वर्गणी मागावी लागत नाही, हे आपले भाग्य. पण बंद खोलीतही मीठ असतेच. १९५० साली सुरू झालेल्या सर्वोच्च न्यायालयाला पहिले दलित सरन्यायाधीश, के. जी. बालकृष्णन, मिळाले ते २००७ साली. अमरावतीचे भूषण गवई हे पहिले बौद्ध सरन्यायाधीश झाले ते मे २०२५ मध्ये.

माझे स्वतःचे मत विचाराल तर, पद्धत कोणतीही असो, न्यायाधीशाने बाजूला व्हावे की नाही हे त्याने स्वतः ठरवू नये, दुसऱ्यांनी ठरवावे. ज्याचा पैसा लागला त्याचा खटला त्याच्यापुढे जाऊ नये. २०१५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की, उमेदवार न्यायाधीशाने स्वतः हात पसरून वर्गणी मागू नये असा नियम राज्य करू शकते. पण त्याच्या समितीने मागितली तर चालते! हात मागे आणि झोळी पुढे. वेस्ट व्हर्जिनियाने नंतर न्यायाधीशांच्या निवडणुकीतून पक्ष काढून टाकले आणि सरकारी पैशावर निवडणूक लढविण्याची सोय केली. ही त्यातल्या त्यात बरी वाट. गंमत अशी की २०१६ मध्ये बेंजामिन त्याच सरकारी पैशावर उभे राहिले आणि हरले. असो.

परंतु निवडणुकीविषयी अखेरचा शब्द बोलण्यापूर्वी लुइझियानाकडे पाहिलेच पाहिजे. त्या राज्यात न्यू ऑर्लिन्स शहरात काळे लोक बहुसंख्य. तरीही शहराला आजूबाजूचे गोऱ्यांचे भाग जोडून मतदारसंघ असा आखला होता की, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात काळा माणूस निवडून येऊ नये. १९८६ साली काळ्या मतदारांनी दावा लावला. राज्याच्या बाजूने युक्तिवाद झाला की, मतदानाच्या हक्काचा १९६५ चा कायदा प्रतिनिधींना लागू आहे आणि न्यायाधीश हा कोणाचा प्रतिनिधी नसतो. वाक्य तत्त्वतः किती सुंदर आहे! आणि ते कोणत्या कामासाठी वापरले ते पाहा. १९९१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो युक्तिवाद नाकारला. १९९२ मध्ये तडजोड झाली आणि काळ्यांना त्या न्यायालयाचे दार उघडले. त्या दारातून १९९४ साली बर्नेट जॉन्सन ही काळी स्त्री निवडून आली.

२०१२ मध्ये सेवाज्येष्ठतेने मुख्य न्यायमूर्ती होण्याची तिची पाळी आली, तेव्हा तडजोडीच्या जागेवरील तिची सुरुवातीची वर्षे धरायची की नाही, असा वाद काढण्यात आला. फेडरल न्यायालयाने ती वर्षे धरली आणि २०१३ मध्ये ती त्या राज्याची पहिली काळी मुख्य न्यायमूर्ती झाली. २०२० मध्ये तिच्या न्यायालयापुढे एका काळ्या कैद्याचा अर्ज आला. कुंपण छाटण्याची कात्री चोरण्याच्या प्रयत्नाबद्दल, पूर्वीचे गुन्हे जमेस धरून, १९९७ पासून तो जन्मठेप भोगत होता. पाच न्यायमूर्तींनी अर्ज ऐकण्यास नकार दिला. एकट्या जॉन्सन यांनी विरुद्ध लिहिले. गुलामगिरी संपल्यावर डुकरे, गुरे चोरल्याबद्दल काळ्यांना वर्षानुवर्षे तुरुंगात डांबण्यासाठी जे कायदे केले गेले, त्यांचीच ही नवी आवृत्ती आहे, असा त्यांच्या लिहिण्याचा रोख होता. त्यांचे मत एकाकी पडले, पण ते देशभर वाचले गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरात तो कैदी पॅरोलवर बाहेर आला, आणि वर्षअखेर जॉन्सन निवृत्त झाल्या.